वाचकांचे प्रश्न : पहिले मोटरहोम घेण्यापूर्वी

प्रश्न : मी आणि माझी पत्नी दोघेही संगणकावर काम करतो आणि दोघांनाही कार्यालयात जाण्याची सक्ती नाही. येता उन्हाळा मोटरहोममध्ये राहून तेथूनच काम करावे, असा आमचा विचार आहे. नवे वाहन परवडणारे नसल्यामुळे सात ते दहा वर्षे जुनी वाहने पाहत आहोत. विक्रेते पलंगांची संख्या, स्वयंपाकघर आणि आतली सजावट कौतुकाने दाखवतात. आम्ही मात्र नेमके काय पाहावे?

उत्तर : पलंगांची संख्या सर्वांत शेवटी पाहावी. आपल्या वापराचा विचार केला तर वाहनाची कसोटी एकच आहे : ऐन उन्हाळ्यात, कामाच्या दिवशी, दुपारी तीनच्या सुमारास दोघांच्याही ऑनलाइन मीटिंग एकाच वेळी सुरू असताना हे वाहन साथ देईल का? सुट्टीसाठी उत्तम ठरलेली पुष्कळ मोटरहोम या कसोटीला उतरत नाहीत, कारण त्यांची रचना दिवसभर बाहेर फिरून रात्री झोपायला येणाऱ्यांसाठी केलेली असते.

दोघांना एकमेकांकडे पाठ करून किंवा मध्ये दार लावून बसता येईल अशा दोन जागा आहेत का, हे आधी पाहावे. मागच्या बाजूला कायमचा पलंग आणि पुढच्या बाजूला, मागे वळवता येणाऱ्या आसनांसह टेबल, ही मांडणी बहुधा सोयीची पडते. ज्या वाहनात टेबल मोडूनच पलंग तयार होतो, ते आपण घेऊ नये. रोज रात्री कार्यालय आवरायचे आणि सकाळी पुन्हा मांडायचे, हा उत्साह आठवडाभराच्या वर टिकत नाही. वाहन पाहायला जाताना लॅपटॉप बरोबर न्यावा आणि त्या आसनावर निदान अर्धा तास काम करत बसावे. विक्रेत्याला ते चमत्कारिक वाटले तरी हरकत नाही. जेवणासाठी केलेल्या बाकांची पाठ ताठ असते आणि टेबल बहुधा उंच, हे पाच मिनिटांत जाणवत नाही.

यानंतर जी तपासणी करायची, तिच्यावर सर्वाधिक वेळ खर्च करावा, कारण जुन्या मोटरहोमचा खरा शत्रू इंजिन नसून ओल आहे. बहुसंख्य जुन्या वाहनांच्या भिंतींत बाहेरून ॲल्युमिनियमचा किंवा फायबरचा पत्रा, आत पातळ प्लाय आणि मध्ये लाकडी चौकट असते. छताच्या सांध्यातून, खिडकीच्या कडेने किंवा मागच्या दिव्यांच्या फटीतून झिरपलेले पाणी ही चौकट आतल्या आत कुजवते आणि बाहेरून वाहन चकचकीतच दिसत राहते. इंजिनाचा बिघाड बहुतेक ठिकाणी दुरुस्त होऊ शकतो. कुजलेली भिंत मात्र उलगडावी लागते आणि तो खर्च कधीकधी वाहनाच्या किमतीच्या जवळपास जातो. म्हणून शक्य तर पाऊस पडून गेल्यावर वाहन पाहावे. चालकाच्या डोक्यावरील कोपरे, छतावरील झडपांच्या कडा आणि वरच्या कपाटांच्या आतील बाजू अंगठ्याने दाबून पाहाव्यात. पृष्ठभाग मऊ लागला किंवा भिंतीवरील कागदाला लाटांसारख्या सुरकुत्या दिसल्या, तर पुढची बोलणी तेथेच थांबवावीत. दमटपणा मोजणारे छोटे यंत्र विकत मिळते. लाकडातील ओलावा साधारण १५ टक्क्यांपर्यंत असेल तर चिंता नसते, २० टक्क्यांच्या वर कारण शोधावे लागते आणि ३० च्या आसपास आकडे येऊ लागले तर ते वाहन दुसऱ्या कोणाला तरी लखलाभ असो. फक्त एकाच कोपऱ्यात लावलेले, फटी बुजवणारे ताजे सीलंट आणि आत मारलेला उग्र सुगंध, या दोन्हींकडे संशयानेच पाहावे.

टायरच्या बाबतीत नक्षीवर विसंबू नये. मोटरहोम वर्षातील बराच काळ उभेच असते, त्यामुळे नक्षी शाबूत राहते आणि रबर मात्र कडक होऊन त्याला बारीक चिरा पडतात. टायरच्या बाजूवर डीओटी या अक्षरांनी सुरू होणाऱ्या ओळीचे शेवटचे चार अंक पाहावेत. २३१९ असे असेल, तर तो टायर २०१९ च्या तेविसाव्या आठवड्यात तयार झाला आहे. दहा वर्षे झालेला टायर कितीही नवा दिसला तरी बदलावाच.

प्रश्न : आम्ही पाहिलेल्या वाहनाच्या छतावर ४०० वॅटचे सौर पॅनेल आणि वातानुकूलन यंत्रही आहे. विजेची काळजीच उरत नाही, असे विक्रेता सांगतो. हे खरे आहे का?

उत्तर : अर्धेच खरे आहे, आणि राहिलेले अर्धे उन्हाळ्यातच अडवते. दोन लॅपटॉप प्रत्येकी ५० वॅट धरले, तर आठ तासांत ८०० वॅट-तास लागतात. एक जादा मॉनिटर, राउटर, कॉम्प्रेसरचा फ्रिज, छतावरील पंखा, दिवे आणि पाण्याचा पंप मिळवले की उष्ण दिवसाचा हिशेब २,००० वॅट-तासांच्या आसपास जातो. ४०० वॅटचे पॅनेल छतावर आडवे असल्यामुळे चांगल्या उन्हातही दिवसाला साधारण १,६०० वॅट-तास देते. उरलेली तूट गाडी चालताना इंजिनाकडून भरून काढता येते, म्हणजे एवढ्यापर्यंत विक्रेत्याचे म्हणणे मान्य करू.

वातानुकूलन यंत्र मात्र सुमारे १,००० वॅट घेते. २०० अँपिअर-तासांची, म्हणजे सुमारे २,४०० वॅट-तासांची, लिथियम बॅटरी असली, तरी त्या एका यंत्रावर ती सुमारे दोन तासांत रिकामी होते. जुन्या वाहनात बहुधा शिशाची बॅटरी असते आणि तिची निम्मीच वीज वापरावी, नाही तर तिचे आयुष्य झपाट्याने घटते. तेव्हा वातानुकूलन हवे असेल, तर वीज-जोडणी असलेल्या तळावरच मुक्काम करावा, हे आधीच गृहीत धरावे.

गंमत अशी की, गाडी झाडाखाली उभी केली की आत गारवा राहतो, पण पॅनेल जवळजवळ निकामी होते; उघड्यावर उभी केली की वीज मिळते, पण दुपारी आत बसवत नाही. स्टारलिंकसारख्या उपग्रह इंटरनेटलाही मोकळे आकाश लागते, म्हणजे तेही झाडाच्या विरोधातच उभे राहते. यावर माझ्या मते उत्तम तोडगा म्हणजे लांब तारेने जोडलेले, घडी घालता येणारे पॅनेल : गाडी सावलीत आणि पॅनेल उन्हात. त्याबरोबर पुढच्या काचेला बाहेरून आवरण घालावे. ऊन काचेतून आत आल्यावर अडवण्यापेक्षा बाहेरच अडवलेले कितीतरी परिणामकारक ठरते. छतावरील पंखा हवा बाहेर फेकेल असा लावून सावलीकडची खालची एकच खिडकी उघडी ठेवली, तर तीसेक वॅटमध्ये बराच दिलासा मिळतो.

इंटरनेटसाठी दोन वेगवेगळ्या कंपन्यांची सिमकार्डे ठेवावीत आणि मुक्काम ठरवण्यापूर्वी अपलोडचा वेग मोजावा. दर्जेदार व्हिडिओ मीटिंगला प्रत्येकी तीन-चार मेगाबिट प्रति सेकंद पुरतात; अडचण बहुधा डाउनलोडची नसते, अपलोडची असते.

प्रश्न : वजन, परवाना आणि विमा यांबाबत काय काळजी घ्यावी?

उत्तर : अनेक देशांत साध्या मोटारीच्या परवान्यावर ३,५०० किलोपर्यंतचेच वाहन चालवता येते, आणि ही मर्यादा प्रवासी व सामानासह एकूण अनुज्ञेय वजनाची असते. १०० लिटर पाणी म्हणजे १०० किलो. त्यात दोन माणसे, गॅस, सायकली, छत्री आणि बॅटऱ्या आल्या की उरलेली क्षमता भराभर संपते. म्हणून खरेदीपूर्वी वाहन वजनकाट्यावर नेण्याची परवानगी मागावी आणि पुढच्या व मागच्या आसाचे वजन वेगवेगळे घ्यावे. विमा कंपनीला आपण काही महिने वाहनात राहणार व काम करणार आहोत, हे लेखी कळवावे. केवळ सहलीसाठी दिलेल्या विम्यात असा वापर, तसेच आतले संगणक, बहुधा धरलेले नसतात. परदेशात राहून काम करायचे असेल, तर कर आणि नोकरीचा करार यांबाबत आपापल्या कंपनीची परवानगी निघण्यापूर्वीच घ्यावी.