घरात बनियन, उन्हात पूर्ण बाह्या

प्रश्न : लेक दोन वर्षांची आहे. ऊन तापायला लागल्यापासून अंगावर कपडाच ठेवत नाही. फ्रॉक घातला की दोन मिनिटांत काढते आणि कूलरसमोर जाऊन उभी राहते. सासूबाई म्हणतात, उघड्या अंगाला वारं लागून सर्दी होईल. – नागपूर

उत्तर : लेकीचं बरोबर आहे. बाहेर पारा ४५ ला टेकलेला असताना घरात फ्रॉक, आत पेटीकोट आणि त्याच्या आत बनियन कशाला? सावलीत चड्डी-बनियन पुरे. सर्दी विषाणूंमुळे होते, उघड्या पोटामुळे नाही. सासूबाईंना हे डॉक्टरांनी सांगितलं म्हणून सांगा, म्हणजे घरात वाद नको. मला कूलरची भीती आहे ती वेगळीच. ओल्या हातांनी त्याच्या पत्र्याला हात लावणाऱ्या पोराला शॉक बसू शकतो. आधी तिथे काहीतरी आडवं लावा.

बाहेर मात्र उलटा नियम. हवा अंगापेक्षा गरम झाली की उघडी कातडी थंड होत नाही, उलट ऊन आणि झळ दोन्ही ओढून घेते. विदर्भातली माणसं डोक्याला दुपट्टा गुंडाळतात ते उगीच नाही. म्हणून उन्हात जायचंच असेल तर पूर्ण बाह्यांचा, ढगळ, फिक्या रंगाचा सुती सदरा आणि पायजमा. बारा ते चार तर बाहेर काढूच नका.

आणखी एक. पोर कपडे काढतं तेव्हा एकदा तो कपडा उलटा करून बघा. मानेशी टोचणारं लेबल, कमरेला रुतणारं इलॅस्टिक किंवा काखेतली जाड शिवण सापडते. लेबल कात्रीने कापू नका, राहिलेलं टोक जास्त टोचतं. त्याची शिवण उसवून अख्खं लेबलच काढा. एवढं करूनही काढलंच, तर दोन सदरे पुढे धरा आणि ‘हत्तीचा की पिवळा?’ विचारा. ‘घालायचा का?’ असं विचारलंत की उत्तर ‘नाही’ हे ठरलेलं.

प्रश्न : दीड वर्षाच्या मुलाच्या मानेवर, पाठीवर घामोळं उठलंय. दिवसातून तीनदा पावडर लावते. – ठाणे

उत्तर : पावडर आजच बंद करा. घामाच्या नळ्यांची तोंडं बुजली की घामोळं येतं. त्यावर पावडरीचा लगदा बसवून काय साधणार? शिवाय भुरभुरताना ती बारीक धूळ बाळाच्या छातीत जाते. ठाण्याची हवा दमट, घाम वाळतच नाही, त्यामुळे तिथे कपडा वारंवार बदलण्याला पर्याय नाही. मलमलीची गाठीची झबली पाच-सहा शिवून घ्या. जुन्या सुती साडीची तर फारच उत्तम, धुऊन धुऊन मऊ झालेली असते. भिजलं की बदललं. संध्याकाळची दुसरी अंघोळ नुसत्या पाण्याची, साबण नको. कमरेला करदोटा असेल तर त्याखालची कातडी रोज कोरडी करा. तिथे लाली दिसली तर करदोटा काही दिवस काढून ठेवायला हरकत नाही.

डायपरही घरात सोडा. फरशी पुसावी लागेल, पण जांघेतली आग थांबेल. फोडांत पू दिसला किंवा ताप आला तर मात्र दाखवायला आणा.

प्रश्न : मे महिन्यात जळगावला दिराचं लग्न आहे. वीस महिन्यांच्या मुलाला जरीचं धोतर, शेरवानी आणि फेटा घेतलाय. चालेल ना? – नाशिक

उत्तर : फोटोपुरतं चालेल. पॉलिएस्टरच्या अस्तराची शेरवानी घालून जळगावच्या मांडवात पोर पळणार म्हणजे ते कुकरमध्येच बसल्यासारखं. एक युक्ती सांगतो. आत बिनबाह्यांची मलमलीची बंडी घाला, म्हणजे जरीकाम टोचणार नाही. फोटो झाले की शेरवानी उतरवा आणि सुती कुर्ता चढवा. बदलायचे तीन जोड स्वतःच्या पर्समध्ये ठेवा. गाडीतल्या बॅगेत ठेवले तर ऐन वेळी किल्ली कोणाकडे आहे तेच कळत नाही. फेटा आजोबांच्या डोक्यावर शोभू द्या, पोराच्या नको.

प्रश्न : टोपी घातली की फेकून देतो. – पुणे

उत्तर : सगळेच फेकतात. आपल्या जुन्या कुंचीची रचना बघा, मागची झालर मानेवर उतरते. तशी पातळ सुती टोपी शिवून घ्या. पण पळणाऱ्या पोराच्या हनुवटीखाली पक्की गाठ नको, कुठे अडकली तर गळा आवळेल. ओढल्यावर सुटणारी वेल्क्रोची पट्टी लावा. टोपी घराच्या आत घालू नका, दार उघडतानाच घाला, कारण बाहेरची ओढ इतकी असते की डोक्यावर काय बसलं ते कळत नाही. तुम्हीही घाला. फेकली तर न ओरडता परत घरात यायचं. चार-पाच दिवस जातील.

प्रश्न : त्याला उकडतंय हे ओळखायचं कसं? हात तर गार लागतात. – पुणे, त्याच आईकडून

उत्तर : हातापायांवर जाऊ नका. कॉलरच्या आत, मानेच्या मागे बोटं घाला. तिथे चिकट, तापलेलं लागलं तर एक कपडा कमी करा आणि पाणी पाजा. एरवी घर डोक्यावर घेणारं पोर अचानक गप्प पडून राहिलं, सहा-आठ तास शू झाली नाही किंवा अंग तापून सुस्तावलं, तर ओल्या फडक्याने पुसत पुसत तडक दवाखाना गाठा. त्या वेळी कपड्यांचा विचार करत बसू नका, होतं तसं उचला.