पावसाळ्यातले हप्ते, भिशीचा नंबर आणि पासबुकातली कपात

प्रश्न : मी ऐरोलीत चार घरची धुणीभांडी करते, महिन्याला 11,000 मिळतात. मिस्टर नाक्यावर बिगारी आहेत. पावसात आठवड्याला दोन-तीनच हजेऱ्या भरतात. फायनान्सचं 40,000 चं कर्ज आहे, महिना 2,120 हप्ता. बचत गटाचे 10,000 आहेत. शिवाय डेलीवाल्याकडून 8,500 हातात घेतले, रोज 100 प्रमाणे 100 दिवस द्यायचे. डेलीचे 60 दिवस झाले. तो म्हणतो, जुनं वळतं करून नवं देतो. घेऊ का? (दिघा)

उत्तर : ताई, नवं घेऊ नका. 8,500 ला 1,500 म्हणजे फार नाही, असं वाटतं खरं. पण तुम्ही दुसऱ्या दिवसापासूनच फेडायला लागता, त्यामुळे सरासरी पाहिली तर त्याचे चार-साडेचार हजारच तुमच्याकडे असतात. हिशेब केला की हे व्याज महिना दहा टक्क्यांच्या घरात जातं. गट बहुधा उरलेल्या रकमेवर महिना दोन टक्के लावतो आणि ते व्याजही गटातल्या बायकांकडेच राहतं. तुमचं फायनान्सचं कर्ज 24 हप्त्यांचं असेल, तर तेही दोन टक्क्यांच्या आसपासच पडतं.

वळतं करण्यात खरी मेख आहे. तुमचे 40 हप्ते राहिलेत, म्हणजे 4,000. नव्या 8,500 मधून तो हे पूर्ण कापेल, पुढच्या 40 दिवसांच्या व्याजासकट. हातात 4,500 पडतील आणि रोजचे 100 पुन्हा पहिल्या दिवसापासून सुरू. असं दोन-तीनदा झालं की मूळ उचल कशासाठी होती तेही आठवत नाही.

गटातून 4,000 काढून डेली एकदम मिटवायचा विचार असेल, तर आधी त्याला विचारा, आज सगळे दिले तर किती सोडशील? तो 3,600 वर आला तरच त्यात फायदा आहे. काहीच सोडत नसेल तर घाईने भरून व्याज वाचत नाही. मग उरलेले 40 दिवस नेमाने भरा आणि तिथेच थांबा. रोजच्या 100 ची नोंद तुमच्या वहीतही ठेवा, फक्त त्याच्या कार्डावर विसंबू नका. सावकारीचा परवाना नसताना व्याजाने पैसे देणं 2014 च्या राज्य कायद्याने गुन्हा आहे. दमदाटी झाली तर पोलीस ठाण्यात आणि सहकार खात्याच्या सहायक निबंधकांकडे लेखी तक्रार करता येते.

जुलै-ऑगस्टसाठी गटाच्या बैठकीत आत्ताच बोला. दोन महिने फक्त व्याज, म्हणजे 10,000 पूर्ण बाकी असतील तर महिना 200 रुपये, मुद्दल सप्टेंबरपासून. हा ठराव प्रोसिडिंग वहीत लिहून घ्या. तोंडी ठरलेलं पुढच्या बैठकीत कुणाला आठवत नाही आणि भांडण तिथूनच सुरू होतं.

फायनान्सच्या कर्जाबाबत रिझर्व्ह बँकेचे 2022 पासूनचे नियम माहीत असू द्या. घरातल्या सगळ्या कर्जांचे हप्ते मिळून महिन्याच्या उत्पन्नाच्या निम्म्यापेक्षा जास्त होता कामा नयेत. दंड लागतो तो फक्त थकलेल्या रकमेवर. मुदतीआधी फेडलं तर दंड नाही. वसुलीचा फोन सकाळी 9 च्या आधी आणि संध्याकाळी 6 नंतर येता कामा नये. तक्रार आधी कंपनीकडे लेखी करा. 30 दिवसांत उत्तर आलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं, माहितीसाठी क्रमांक 14448. आणि शेजारणीसाठी स्वतःच्या नावावर कर्ज काढून देऊ नका. तिने हप्ता चुकवला की डाग तुमच्या नावाला लागतो आणि गरजेच्या वेळी तुमचंच कर्ज अडतं.

नाक्याला काम असतं तेव्हा, ऑक्टोबर ते मे, आठवड्याला 300 बाजूला काढले तर 34 आठवड्यांत 10,200 होतात. पोस्टाच्या आरडीत मात्र टाकू नका. ती पाच वर्षांची असते, तीन वर्षांआधी बंद करता येत नाही, आणि तुम्हाला पैसे जूनमध्ये हवेत. बँकेची सहा-आठ महिन्यांची आरडी बरी.

प्रश्न : आम्ही 15 जणी महिना 1,000 ची भिशी लावतोय. नंबर आधी घ्यावा की शेवटी? (कळवा)

उत्तर : पहिला नंबर म्हणजे बिनव्याजी कर्ज, शेवटचा म्हणजे बिनव्याजी बचत. शाळेचा खर्च ठरलेला असेल तर चिठ्ठ्या न टाकता जूनचा नंबर आधीच मागून घ्या. बोलीची भिशी असेल, म्हणजे जी जास्त रक्कम सोडेल तिला नंबर, तर नडलेली बाई 3,000 सोडून 12,000 उचलते आणि प्रत्येकीला 200 सुटतात. अडचण तिची आणि फायदा बाकीच्यांचा, म्हणून आमचं मत चिठ्ठीच्या बाजूने आहे. भिशी बुडते ती बहुतेक वेळा एकाच कारणाने, आधी उचललेली बाई भाड्याची खोली सोडून निघून जाते. म्हणून पहिले नंबर स्वतःच्या खोलीत राहणाऱ्यांना द्या, उचलताना वहीत सही घ्या आणि रक्कम सगळ्यांसमोर मोजा. तोंडओळखीच्या बाईला घेऊन संख्या वाढवू नका.

प्रश्न : माझ्या खात्यातून 20 आणि 436 रुपये कापले गेले. बँकेने फसवलं का? (लोकमान्यनगर, ठाणे)

उत्तर : नाही. 20 रुपये सरकारच्या पंतप्रधान सुरक्षा विम्याचे आहेत, अपघाती मृत्यू किंवा पूर्ण अपंगत्व आलं तर 2 लाख. 436 पंतप्रधान जीवनज्योती विम्याचे, कोणत्याही कारणाने मृत्यू झाला तरी 2 लाख. दोन्हींचं वर्ष 1 जूनला सुरू होतं, म्हणून मेअखेर खात्यात 500 शिल्लक ठेवा. शिल्लक नसेल तर विमा बंद पडतो आणि घरात कुणाच्या ध्यानातही येत नाही. नॉमिनी कोण आहे हे बँकेत विचारून घ्या आणि त्या माणसाला पासबुक कुठे ठेवलंय ते सांगा. अपघाताच्या दाव्याला पोलिसांचा पंचनामा लागतो. घाईत तो राहून गेला तर नंतर मिळवणं फार जड जातं.