वाचक विचारतात : पिवळा दिवा आणि डिकीतली स्टेपनी

प्रश्न : थंडीत सकाळी गाडी सुरू केली की टायरच्या हवेचा पिवळा दिवा लागतो. पंधरा-वीस मिनिटं चालवली की आपोआप विझतो. सेन्सर बिघडला असेल का?

उत्तर : सेन्सर ठणठणीत आहे, हवाच कमी आहे. तापमान 10 अंश सेल्सियसने उतरलं की टायरमधला दाब साधारण दीड ते दोन पीएसआयने (हवेचा दाब मोजायचं एकक) उतरतो. शिवाय धडधाकट टायरमधूनही महिन्याला एखादा पीएसआय झिरपतोच. गाडी धावू लागली की टायर तापतो, दाब तीन-चार पीएसआयने चढतो आणि दिवा विझतो. तुमचा टायर नेमका काठावर आहे, आणि हा काठ बराच खाली असतो. बहुतेक गाड्यांत दाब ठरलेल्या आकड्यापेक्षा 20 ते 25 टक्के कमी झाल्यावर दिवा लागतो; 32 पीएसआय हवी असेल तर ती 24-26 वर येईपर्यंत तो गप्प. तोवर टायरच्या दोन्ही कडा झिजू लागलेल्या असतात आणि इंधनही जास्त जळत असतं. महिन्यातून एकदा गेज (दाब मोजायचं साधन) लावण्याला हा दिवा पर्याय नाही.

हवा मोजायची ती थंड टायरमध्ये. गाडी किमान तीन तास उभी असावी, नाहीतर फार तर दीड-दोन किलोमीटर चाललेली असावी. किती भरायची ते चालकाच्या दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरवर असतं, काही गाड्यांत इंधनाच्या झाकणाच्या आत. टायरच्या बाजूवर छापलेला आकडा कमाल मर्यादेचा. तो पाहून हवा भरू नका. पंपापर्यंत जाताना टायर तापणार असतील तर घरून निघताना तूट मोजून ठेवा. घरी 27 दिसली आणि हवी 32, तर पंपावर गेज जे दाखवेल त्यात 5 मिळवा. गरम टायरमध्ये आकडा जास्त दिसला म्हणून हवा सोडणं ही सगळ्यात नेहमीची चूक. टायर गार झाला की तो कमी हवेवर उभा असतो.

प्रश्न : चारही टायरमध्ये हवा बरोबर भरली, तरी दिवा जात नाही.

उत्तर : आधी तुमच्या गाडीत कोणती पद्धत आहे ते पाहा. एका पद्धतीत प्रत्येक रिमच्या आत, व्हॉल्व्हला जोडून, दाब मोजणारा सेन्सर असतो. डॅशबोर्डवर टायरनिहाय आकडे दिसत असतील तर ही पद्धत आहे. हवा भरल्यावर काही मिनिटं वेगात चालवली की सेन्सर नवा दाब कळवतो आणि दिवा जातो.

दुसऱ्या पद्धतीत दाब कोणी मोजतच नाही. हवा कमी झालेलं चाक किंचित लहान होतं आणि इतरांपेक्षा जास्त फेरे घेतं. एबीएसचे (ब्रेक मारल्यावर चाकं जाम होऊ न देणाऱ्या यंत्रणेचे) सेन्सर हा फरक पकडतात. इथे हवा भरून झाल्यावर रीसेटचं बटण दाबावं लागतं किंवा स्क्रीनवरच्या मेनूतून ‘आत्ताचा दाब योग्य’ असं गाडीला सांगावं लागतं. आधी हवा, मग रीसेट. उलट केलंत तर कमी हवाच गाडीला बरोबर वाटू लागते. या पद्धतीचा आणखी एक लंगडेपणा म्हणजे चारही टायर सारखेच हळूहळू उतरले तर साध्या यंत्रणेला पत्ता लागत नाही.

आणि हो, काही गाड्यांत पूर्ण मापाच्या स्टेपनीतही सेन्सर असतो. चारही चाकं बरोबर असूनही दिवा राहिला तर एकदा डिकी उघडा.

प्रश्न : दिवा आधी मिनिटभर लुकलुकतो, मग सलग लागून राहतो.

उत्तर : ही हवेची तक्रार नाही, यंत्रणेची आहे. गाडी जुनी असेल तर बहुधा एखाद्या सेन्सरची बॅटरी संपली. ती पाच ते दहा वर्षं टिकते आणि सीलबंद असल्याने बदलता येत नाही. अख्खा सेन्सर बदलून त्याची ओळख गाडीला करून द्यावी लागते. नुकतेच टायर बदलले असतील तर रिमवरून टायर काढताना सेन्सर तुटल्याची शक्यता जास्त. काम सुरू होण्याआधीच ‘आत सेन्सर आहे’ असं सांगून ठेवा.

प्रश्न : एकाच टायरची हवा आठवड्याला तीन-चार पीएसआय उतरते. पंक्चर सापडत नाही.

उत्तर : साबणाचं पाणी नुसतं नक्षीवर लावून भागत नाही. व्हॉल्व्हच्या तोंडात थेंब टाका. बुडबुडा फुगला तर आतली पिन सैल आहे किंवा खराब झाली आहे. मग व्हॉल्व्हच्या बुंध्याशी आणि शेवटी टायर रिमला टेकतो त्या कडेभोवती लावा. अलॉय रिमच्या त्या कडेला गंज धरला की तिथून हवा झिरपते. टायर उतरवून कडा घासून साफ करणं हाच उपाय. ॲल्युमिनियमच्या व्हॉल्व्हमध्ये साधी पितळी पिन बसवू नका. ओलाव्यात दोन धातू एकमेकांना खातात आणि पिन आत अडकून बसते. निकेलचा मुलामा दिलेलीच घ्या.

प्रश्न : तीन वर्षांत स्टेपनी एकदाही लागली नाही. तिची काही देखभाल असते का?

उत्तर : असते. न वापरलेल्या स्टेपनीतूनही हवा झिरपत राहते, त्यामुळे तीन वर्षांनी ती निम्मी उरली असली तरी नवल नाही. दोन महिन्यांतून एकदा तपासा. स्टेपनी इतर टायरांसारखी पूर्ण मापाची असेल तर स्टिकरवरच्या सगळ्यात मोठ्या आकड्याइतकी हवा ठेवा. गरजेला कमी करता येते, रस्त्याकडेला वाढवता येत नाही. अरुंद, तात्पुरत्या स्टेपनीत मात्र बहुधा 60 पीएसआय लागते. ती इतरांसारखी 32 वर ठेवलेली हमखास आढळते, आणि तशी ती भार पेलत नाही.

वय पाहायचं तर टायरच्या बाजूवर ‘डीओटी’ने सुरू होणाऱ्या ओळीतले शेवटचे चार आकडे वाचा. 2319 म्हणजे 2019 सालचा 23 वा आठवडा. नक्षी कोरी दिसली तरी रबर म्हातारं होतंच. दहा वर्षांनंतर ती स्टेपनी वापरू नये.

गाडीच्या पोटाखाली टांगलेली असेल तर वर्षातून एकदा खाली उतरवून पुन्हा चढवा आणि तार व स्क्रूला वंगण द्या. चिखल-पाण्याने ती यंत्रणा गंजून जाम झाली की ऐन वेळी स्टेपनी दिसते, पण सुटत नाही. त्याच दिवशी जॅक, पाना आणि कुलूपवाला नट असल्यास त्याची किल्ली जागेवर आहे ना, तेही बघा. ही किल्ली सर्व्हिसिंगनंतर भलत्याच कप्प्यात सापडते.

प्रश्न : अरुंद स्टेपनी लावून किती चालवता येईल?

उत्तर : वेग ताशी 80 किलोमीटरच्या आत ठेवा आणि थेट पंक्चर काढायला जा. इंजिन पुढची चाकं फिरवतं अशा गाडीत पुढचं चाक पंक्चर झालं असेल, तर शक्यतो मागचं चांगलं चाक पुढे आणून स्टेपनी मागे लावा. नट जॅक लावण्याआधी अर्धा फेरा सैल करा, बसवताना समोरासमोरचे आवळा आणि 50 ते 100 किलोमीटरनंतर पुन्हा एकदा पाना फिरवा. बहुतेक स्टेपन्यांत सेन्सर नसतो, त्यामुळे ती लावल्यावर दिवा लागलेलाच राहील. मूळ चाक परत बसलं की तो जाईल.