मक्यातली चवळी पिवळी का पडली?

प्रश्न : आम्ही वायंगण (पावसाळ्यानंतरचं दुसरं भातपीक) करायचं सोडलं. भात कापून झाल्यावर त्या शेतात गाईंसाठी मका आणि चवळी एकत्र फोकून पेरली, दोनदा युरिया टाकला. मका डोक्यावर गेला, चवळी खाली पिवळी पडून वाळली. घरात 5 गाई आहेत, नुसत्या पेंढ्यावर किती दिवस काढायचे?
— एक वाचक, पेडणे

उत्तर : युरिया मक्याने खाल्ला आणि ऊनही त्यानेच. सत्तरीत पहिल्या वर्षी मीही असंच फोकलं होतं, वर बी म्हणून घरातले अळसांदे (खायची चवळी) वापरले. शेंगा धरल्या तशा बायकोने तोणाकाला (रस्साभाजीला) नेल्या, गाईंना वेल उरले.

आता फुटाफुटावर ओळी पाडतो : 2 मक्याच्या, 1 चवळीची. हजार चौरस मीटरला मका 4-5 किलो, चवळी दीड-दोन किलो. मका आफ्रिकन टॉल जातीचा, चवळी पानाळ, चाऱ्याची. भाताच्या शेतात पाणी तुंबतं आणि चवळीला ते सोसत नाही, म्हणून आधी चर काढा.

चवळीच्या बियाण्याला गुळाच्या पाण्यातून रायझोबियम (मुळांवर गाठी धरणारे जिवाणू) चोळा, सावलीत सुकवून पेरा. महिन्याभराने एक रोप मातीसकट उपटा आणि मुळावरची गाठ नखाने फोडा. आत गुलाबी दिसली तर ती हवेतला नत्र घेते आहे; पांढरी किंवा हिरवट असेल तर नुसती बसून आहे. युरिया भरपूर मिळाला की गाठी नीट धरत नाहीत. पण चवळी शेजारच्या मक्याला खत पुरवते, या भरवशावरही राहू नका. तिचा उपयोग बराचसा पुढच्या पिकाला. मक्याला शेणखत हवंच. युरिया दिलात तर थोडा, त्याच्याच ओळीत.

साठ-पासष्ट दिवसांनी, मक्याचा दाणा दुधात असताना, दोन्ही एकदम कापा. सुक्या वजनात मक्याची प्रथिनं 8-10 टक्के, चवळीची जवळपास दुप्पट. म्हणून तर हा खटाटोप. कुट्टी करूनच घाला, नाहीतर गाई चवळी वेचतात आणि मक्याची ताटं पायाखाली घालतात.

दंवाने भिजलेली कोवळी चवळी मी एकदा उपाशी गाईला नुसतीच टाकली. थोड्याच वेळात तिची डावी कूस ढोलासारखी फुगली, डॉक्टर येईपर्यंत गोठ्यातून हललो नाही. तेव्हापासून आधी पेंढा, मग हिरवा चारा. आणि मक्याऐवजी ज्वारी पेरणार असाल तर फुलोऱ्याआधी कापू नका. कोवळ्या ज्वारीने गुरांना विषबाधा होते.