तामिया हॉर्नेट नव्यानं बांधताना: आधी बेअरिंग, मग शॉकअप, मोटर सगळ्यात शेवटी

तुमचा प्रश्न असा: तामियाची हॉर्नेट ही 1984 ची रिमोटची बग्गी कंपनीनं पुन्हा काढली, तिचं किट तुम्ही मागवलंय. राहता साताऱ्यात, आयुष्यातलं पहिलंच किट. बांधताना काय सांभाळायचं, कोणते अपग्रेड पैसे वसूल करतात, आणि ब्रशलेस मोटर (आत कार्बनचे ब्रश नसलेली, जास्त ताकदीची) आत्ताच बसवून टाकावी का?

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो. आत्ता बसवू नका. कारण पुढे येईलच.

मी सांगलीचा. कुपवाड एमआयडीसीत माझं जॉबवर्कचं लहानसं शॉप आहे, दोन लेथ आणि एक मिलिंग. 1987 साली माझे काका मस्कतहून हॉर्नेटचा खोका घेऊन आले होते. त्या वेळी आमच्या गावभागात अशी गाडी कुणी बघितलेली नव्हती. शाळूची कापणी झाली की मोकळ्या वावरात आम्ही ती पळवायचो. पुढे ती पेटीत गेली, आणि ऑगस्ट 2019 च्या महापुरात तळमजल्यावर पाणी आलं तेव्हा पेटीसकट बुडाली. पाणी उतरल्यावर बाहेर काढली तर मोटर गंजून जाम झालेली, रिसीव्हर गेलेला, पण चॅसिस धुऊन काढल्यावर जशीच्या तशी. तेव्हा मी री-रिलीजचं, म्हणजे कंपनीनं पुन्हा काढलेलं किट मागवलं. बांधताना लक्षात आलं की नव्या किटचा गिअरबॉक्स जुन्या चॅसिसवर अलगद बसतो. हीच री-रिलीजची खरी किंमत आहे. जुन्या गाडीला पुन्हा सुटे भाग मिळतात, आणि नवी गाडी घेणाऱ्याच्या हातात ऐंशीच्या दशकातली रचना येते. ती रचना समजून घेतलीत तर पुढचे सगळे निर्णय सोपे होतील.

हॉर्नेट आणि तिची बहीण ग्रासहॉपर, दोन्ही 1984 च्या. तामियानं हॉर्नेट 2004 मध्ये आणि ग्रासहॉपर 2005 मध्ये पुन्हा आणली. दोघींची प्लॅस्टिकची टबसारखी चॅसिस एकच. फरक असा की ग्रासहॉपरला लहान 380 मोटर आणि जाड प्लॅस्टिकची बॉडी, तर हॉर्नेटला मोठ्या मापाची 540 मोटर, पातळ पॉलीकार्बोनेट प्लॅस्टिकची बॉडी आणि मागे तेलाचे शॉकअप. मागची दोन्ही चाकं स्वतंत्रपणे वरखाली होत नाहीत. अख्खा गिअरबॉक्सच एका दांड्यावर झुलतो आणि चाकं त्याच्याबरोबर हलतात. म्हणजे मोटर, गिअर, ॲक्सल असं सगळं वजन प्रत्येक खड्ड्याला उड्या मारतं. हॉर्नेट पळताना टुणटुणते ती यामुळे. कोणतंही अपग्रेड केलंत तरी हा स्वभाव पूर्ण जाणार नाही. मला तो जावा असं वाटतही नाही.

आता बांधणी. सगळ्यात पहिली खरेदी म्हणजे चांगला स्क्रू ड्रायव्हर, आणि तो जपानी जेआयएस मापाचा. तामियाच्या स्क्रूचं डोकं आपल्या नेहमीच्या फिलिप्ससारखं दिसतं, पण खाच वेगळी असते. फिलिप्सचं टोक जोर दिला की वर सरकतं आणि डोकं खराब करतं. एकदा डोकं गोल झालं की तो स्क्रू काढताना जीव मेटाकुटीला येतो. लहान मोटरसायकल दुरुस्त करणाऱ्या जुन्या मिस्त्रींकडे हे ड्रायव्हर असतात, कारण जपानी गाड्यांचे स्क्रूही त्याच मापाचे. नसेल तर ऑनलाइन मागवा, पण त्याशिवाय किट उघडू नका.

प्लॅस्टिकमध्ये जाणारे स्क्रू स्वतःच आटे पाडतात. पहिल्यांदा आवळताना जोर लागतो, तेव्हा टोकाला मेणबत्तीचं मेण किंचित घासा. पुन्हा काढून बसवायची वेळ आली तर स्क्रू आधी उलटा फिरवा. टक् करून तो जुन्या आट्यात बसल्याचं बोटाला कळतं, मग सुलटा आवळा. हे केलं नाही तर दरवेळी नवा आटा पडतो आणि चार वेळांत भोक मोकळं होतं. माझ्याकडे कामाला येणाऱ्या पोरांना मी हीच सवय पहिल्या आठवड्यात लावतो. थ्रेडलॉक, म्हणजे स्क्रू सैल होऊ न देणारा द्रव, फक्त धातूवर धातू असेल तिथेच लावा, म्हणजे पिनियनच्या (मोटरच्या दांड्यावरच्या लहान गिअरच्या) ग्रब स्क्रूला, जो बिनडोक्याचा बारीक स्क्रू असतो. प्लॅस्टिकजवळ ते नेऊ नका, एबीएस प्लॅस्टिकला त्यानं तडे जातात.

माहितीपत्रकात स्क्रू खऱ्या मापाचे छापलेले असतात. हातातला स्क्रू कागदावर ठेवून जुळवा. पिशव्या एकदम फोडू नका, ज्या टप्प्यावर आहात तेवढीच उघडा.

डिफरन्शिअलला, म्हणजे वळताना मागच्या दोन चाकांना वेगवेगळ्या वेगानं फिरू देणाऱ्या गिअरच्या जोडणीला, वेळ द्या. आत लहान बेव्हल गिअर असतात. किटमधलं ग्रीस दातांना पातळ लावा आणि हातानं फिरवून बघा. कुठेही अडकल्यासारखं वाटलं तर उघडून पुन्हा लावा. गिअरबॉक्स बंद केल्यावर तीच अडचण काढायला अख्खी मागची बाजू सोडावी लागते. ॲक्सल बोटानं फिरवला की एकसारखा, मऊ आवाज यायला हवा. कुरकुर आली तर बहुतेक एखादा स्क्रू जास्त आवळलाय किंवा दातात प्लॅस्टिकचा कीस राहिलाय.

शॉकअपमध्ये तेल भरताना घाई नको. तेल भरा, पिस्टन हळूहळू वर-खाली करा आणि बुडबुडे वर यायला थांबा. मी ते उभे ठेवून चहा घेऊन येतो. हवा आत राहिली तर दोन्ही बाजूंचा दाब वेगळा होतो आणि आधीच उड्या मारणारी गाडी एका बाजूला झुकून उडते.

बॉडी रंगवताना एक गोष्ट डोक्यात ठेवा: पारदर्शक पॉलीकार्बोनेट आतून रंगवतात. आतून भांड्याच्या साबणानं धुऊन पूर्ण वाळवा, नाहीतर बोटांचं तेल रंगाला धरू देत नाही. रंग पॉलीकार्बोनेटसाठीचाच घ्या, साधा स्प्रे पहिल्या आपटीत पापुद्र्यांसारखा सुटतो. गडद आधी, फिका नंतर, आणि पातळ थर. साताऱ्यात जुलैमध्ये हे करू नका, दमट हवेत रंग धुरकट होतो. स्टिकर हातानं कापावे लागतात. कडेला छापलेल्या रेषेच्या किंचित आत कापा, कोपरे गोल ठेवा, म्हणजे ते उचकटत नाहीत.

गाडी तयार झाली की बॅटरी निदान चार वेळा भरून संपेपर्यंत ती जशी आहे तशी पळवा. तुमची जमीन आणि तुमचा हात तिला काय मागतो ते त्याशिवाय कळत नाही.

त्यानंतरचं पहिलं अपग्रेड बेअरिंग. किटमध्ये बऱ्याच जागी बेअरिंगऐवजी प्लॅस्टिकचे बुश, म्हणजे साध्या गोल कड्या असतात. धूळ गेली की ते ॲक्सलला खातात आणि मोटरवर फुकट भार येतो. तामियाच्या यादीत 1150 असं लिहिलेलं दिसलं की त्याचा अर्थ बाहेरचा व्यास 11 मिमी, आतला 5 मिमी. जाडी 4 मिमी. हेच माप बाजारात एमआर 115 नावानं मिळतं. त्यासाठी परदेशातून रंगीत पाकीट मागवायची गरज नाही, बेअरिंगच्या दुकानात नंबर सांगा. सांगलीत मला ते सहज मिळाले, साताऱ्यातही औद्योगिक बेअरिंग विकणारे आहेतच. घेताना रबरी सीलचे, टूआरएस मागा. झेडझेड म्हणजे पत्र्याचं झाकण. ते थोडं हलकं फिरतं, पण आपली धूळ बारीक आहे, आत शिरते. उरलेल्या जागांची मापं यादीत बघून आणि व्हर्नियरनं तपासून मगच घ्या. या एका बदलानं गाडी जास्त वेळ चालते आणि मोटर थंड राहते. माझ्या मते इतक्या कमी पैशांत इतका फरक दुसऱ्या कशानंच पडत नाही.

दुसरं, पुढचे शॉकअप. हॉर्नेटच्या पुढच्या बाजूला तेल नसतं, फक्त स्प्रिंग आणि घर्षण. तिथे तेलाचे बसवलेत तर गाडीचं नाक शांत राहतं. मागे थोडं घट्ट तेल भरा. सांगलीच्या एप्रिल-मेमध्ये दुपारी किटमधलं तेल मला पातळ वाटलं, एक पायरी घट्ट घातल्यावर टुणटुण निम्म्यानं कमी झाली. शॉकअपच्या वरच्या टेकूसाठी मी ॲल्युमिनियमचे तुकडे मिलिंगवर काढले, पण मनापासून सांगतो, त्याची गरज नव्हती. प्लॅस्टिक वाकतं आणि धक्का पचवतं. कडक धातू तो धक्का पुढच्या भागाकडे पाठवतो आणि मग चॅसिसचा कान तुटतो. ॲल्युमिनियम दिसायला देखणं असतं म्हणून सगळीकडे लावत सुटू नका.

तिसरं, स्टिअरिंग. सर्व्होवर (चाकं वळवणाऱ्या लहान मोटरवर) बसणारा आणि तिला धक्क्यापासून वाचवणारा सर्व्हो सेव्हर चांगला, कडक स्प्रिंगचा घ्या. मूळचा सैल वाटतो आणि गाडी सरळ रेषेत भटकते.

टायर जमिनीवर अवलंबून आहेत. मागचे काटेरी टायर मोकळ्या मातीत आणि वाळूत छान धरतात, डांबरावर मात्र एका महिन्यात टकले होतात. आमच्याकडच्या काळ्या मातीत पाऊस पडून गेल्यावर गाडी अजिबात नेऊ नका. ती माती काट्यांमध्ये भरून चाकाचा गोळा करते आणि सगळा भार गिअरवर येतो. तुमच्याकडे मुरुमाची, लालसर जमीन जास्त आहे, हॉर्नेटला ती फार मानवते. कासच्या पठारावर मात्र नेऊ नका. ते 2012 पासून जागतिक वारसा यादीत आहे, आणि तिथली फुलं चाकाखाली यायची वस्तू नाही.

आता मोटर. मी बेअरिंग बसवल्यावर लगेच एक जोरदार ब्रशलेस मोटर बसवली होती. पहिल्या पाच मिनिटांत गाडी पुढचं नाक उचलून मागे उलथायला लागली. दुसऱ्या बॅटरीला गिअरबॉक्समधून खडखडाट आला. उघडलं तर डिफरन्शिअलच्या बेव्हल गिअरचे दात गेलेले. चूक माझी होती. या गिअरबॉक्सला जादा ताकद सोडून देणारा स्लिपर क्लच नाही. मोटरचा झटका थेट त्या लहान दातांवर बसतो, आणि गिअरबॉक्स स्वतःच झुलत असल्यामुळे तो झटका चाकं जमिनीला धरून न ठेवता गाडीलाच उचलतो. नवे गिअर यायला दीड महिना लागला.

म्हणून मोटर बदलायचीच असेल तर तामियाची स्पोर्ट ट्यून्डसारखी 540 मापाची, ब्रश असलेली मोटर पुरे आहे. ब्रशलेस हवीच असेल तर 17.5 टर्नच्या (टर्न म्हणजे मोटरमधल्या तारेचे वेढे) आसपास राहा आणि कंट्रोलरवर, म्हणजे मोटरला वीज कमीजास्त सोडणाऱ्या भागावर, सुरुवातीचा झटका कमी करून ठेवा. टर्नचा आकडा कमी म्हणजे वेग जास्त, हे नवख्यांना उलटं वाटतं.

बॅटरीबद्दल काळजीपूर्वक वाचा. मूळ गाडी 7.2 व्होल्टच्या पॅकसाठी आहे, त्यात आज निकेल मेटल हायड्राइड सहज चालते. टू-सेल लिपो (लिथियम पॉलिमर बॅटरी) 7.4 व्होल्टची, पूर्ण भरल्यावर 8.4. ती वापरायची तर कंट्रोलरला लिपोचा कटऑफ, म्हणजे व्होल्ट फार उतरले की वीज तोडण्याची सोय, आहे का ते आधी बघा, कारण सेल 3 व्होल्टच्या खाली गेला की खराब होतो आणि नंतर चार्ज करताना पेटूही शकतो. दुसरी अडचण आकाराची. जुन्या चॅसिसची खाच गोल कडांच्या पॅकसाठी आहे, चौकोनी लिपो तिथे जात नाही. त्यासाठी चॅसिस कानशीनं घासू नका, गोल कडांची लिपो मिळते. उन्हाळ्यात बॅटरी मोटारीच्या डिकीत ठेवू नका, आणि आठवडाभर वापरणार नसाल तर प्रत्येक सेल 3.8 व्होल्टच्या आसपास ठेवा.

तुम्हाला मुळात शर्यतीचा वेगच हवा असेल तर हॉर्नेट ती गाडी नाही. त्याच 1984 सालची, असोसिएटेड कंपनीची आरसी10 शर्यतीसाठीच बनली होती. ॲल्युमिनियमची टब, चारही चाकं स्वतंत्र. 1985 च्या पहिल्या जागतिक स्पर्धेत टू-व्हील गटात तीच जिंकली, आणि 2013 मध्ये तीही पुन्हा निघाली. क्योशो कंपनीची चेनवर चालणारी फोर-व्हील ऑप्टिमा 1985 ची, ती 2016 मध्ये परत आली. या गाड्यांना जास्त ताकद पेलते.

सुटे भाग मागवताना मोजूनमापून मागवा. आपल्याकडे खेळण्यांवरचं आयात शुल्क 2020 मध्ये 20 वरून 60 टक्के आणि 2023 मध्ये 70 टक्के झालं, आणि जानेवारी 2021 पासून खेळण्यांना बीआयएसचा (भारतीय मानक ब्युरोचा) नियमही लागू आहे. म्हणून मागवण्याआधी कुरिअरवाल्याला चालू दर आणि कागदपत्रं विचारून घ्या. एकाच खेपेत डिफरन्शिअलचे गिअर, पुढचे सस्पेन्शनचे हात आणि एक जादा बॉडी असं मागवलंत तर वर्षभर बघायला नको.

पहिल्या बॅटरीनंतर घरी आलात की चाकांचे नट, पिनियनचा ग्रब स्क्रू आणि मागच्या शॉकअपचे स्क्रू या तिन्हींना हात लावून बघा. नव्या गाडीत पहिल्यांदा सैल होतात ते हेच.