माठ, दूध आणि कुकर: वाचकांचे काही प्रश्न

प्रश्न : माझे माहेर नागपूरचे. तेथे मे महिन्यात माठातील पाणी घशाला थंडावा देणारे असते. मागील उन्हाळ्यात ठाण्यात तसाच माठ विकत घेतला, परंतु त्यातील पाणी नळाच्या पाण्यापेक्षा जेमतेम गार होते. नागपूरची हवा अधिक तापलेली असूनही असे का व्हावे? माठच वाईट निघाला का? (एक वाचक, ठाणे)

माठाला बोल लावू नये. दोष असलाच तर तो ठाण्याच्या दमट हवेचा आहे. भाजलेल्या मातीला असंख्य सूक्ष्म छिद्रे असतात. काही कुंभार मातीत राख किंवा घोड्याची लीद मिसळतात, ती भट्टीत जळून जाते आणि मागे आणखी छिद्रे उरतात. त्यांतून पाणी सावकाश झिरपून माठाच्या बाहेरच्या अंगावर येते आणि तेथे त्याची वाफ होते. पाण्याला वाफ होण्यासाठी उष्णता लागते, आणि ती त्याला माठातून व आतल्या पाण्यातून घ्यावी लागते. एक ग्रॅम पाण्याची साध्या तापमानाला वाफ होताना सुमारे 580 कॅलरी उष्णता खर्च होते, तर एक ग्रॅम पाणी एक अंशाने थंड करण्यासाठी त्यातून एकच कॅलरी काढावी लागते. या हिशेबाने दहा लिटर पाणी दहा अंशांनी गार करण्यास सुमारे 170 ग्रॅम, म्हणजे साधारण एक पेलाभर पाणी उडून जावे लागते. बाहेरची उष्णता माठात सतत शिरत असल्यामुळे प्रत्यक्षात याहून अधिक पाणी खर्ची पडते, तरीही हा सौदा स्वस्तच म्हणावा लागेल.

आता नागपूर आणि ठाणे यांतील फरक पाहू. हवेत आधीच किती बाष्प आहे, यावर पाणी उडण्याचा वेग अवलंबून असतो. तापमापकाच्या फुग्याला ओले फडके गुंडाळून त्यावर वारा घातला, तर पारा एका ठरावीक अंकापर्यंत उतरतो आणि तेथेच थांबतो. माठातील पाणी त्या अंकाच्या खाली जाऊ शकत नाही. नागपुरात दुपारी हवेचे तापमान 42 अंश सेल्सिअस आणि सापेक्ष आर्द्रता 20 टक्के आहे असे धरले, तर ही मर्यादा सुमारे 24 अंश येते. ठाण्यात तापमान 33 अंश आणि आर्द्रता 70 टक्के धरली, तर ती सुमारे 28 अंश येते. म्हणजे तेथे हवेच्या मानाने अठरा अंशांची घट शक्य आहे आणि येथे अवघ्या पाच अंशांची. शिवाय अधिक तापलेल्या नागपुरातच पाणी प्रत्यक्षातही जास्त गार होऊ शकते. प्रत्येक माठ ही मर्यादा गाठतोच असे नाही, दोन-चार अंश वरच राहतो. वाळ्याच्या ताट्या आणि पाण्याचे कूलर विदर्भात घरोघर दिसतात व कोकण किनाऱ्यावर फारसे दिसत नाहीत, त्याचेही कारण हेच.

तरीही ठाण्यातील माठाकडून होईल तेवढे काम करून घेता येते. तो बंद कपाटाशेजारी न ठेवता वारा खेळेल अशा जागी तिवईवर ठेवावा, म्हणजे तळालाही हवा लागते. बाहेरून ऑइल पेंटने रंगवलेला माठ दिसायला सुरेख असला, तरी त्याची छिद्रे बुजलेली असल्यामुळे तो शोभेपुरताच उपयोगी पडतो. जड पाण्यातील क्षारांनीही काही वर्षांत छिद्रे बंद होतात, म्हणूनच दरवर्षी नवा माठ घेण्याची रीत निव्वळ हौसेची नाही.

प्रश्न : पाणी कितीही उकळले तरी पातेल्यातच राहते, दूध मात्र क्षणभर पाठ फिरवली की उतू जाते. दुधाचा उत्कलनबिंदू कमी असतो का? (एक वाचक, सांगली)

नाही. दुधात सुमारे 87 टक्के पाणीच असते आणि ते साधारण शंभर अंशांनाच उकळते. फरक बुडबुड्यांच्या आयुष्याचा आहे. साध्या पाण्यातील वाफेचा बुडबुडा पृष्ठभागावर येताच फुटतो. दुधातील प्रथिने मात्र बुडबुड्याभोवती चिवट पापुद्रा तयार करतात, त्यामुळे तो टिकतो, त्याच्या खाली दुसरा येतो आणि पाहता पाहता फेस चढू लागतो. त्यातच साय धरलेली असते. तापल्यावर प्रथिनांची घडण बदलते, ती एकमेकांत गुंततात आणि वर आलेल्या स्निग्धांशाला धरून सलग पडदा बनवतात. हा पडदा खालच्या वाफेला अडवतो, आणि वाफेचा जोर वाढला की सायीसकट सगळा फेस उचलला जातो. पातेल्यात पळी उभी ठेवण्याची युक्ती यामुळेच उपयोगी पडते: साय सलग धरत नाही आणि वाफेला वाट मिळते. मात्र आच मोठी असेल तर पळीचा भरवसा धरू नये. भाताचे पाणी उतू जाते तेव्हाही असाच टिकाऊ फेस कारणीभूत असतो, फक्त तेथे प्रथिनांच्या जागी मुख्यतः तांदळातील पिष्ट असते.

प्रश्न : महाबळेश्वरला सहलीला गेलो असता उघड्या पातेल्यात तूरडाळ शिजता शिजेना. थंडीमुळे असे झाले का? आणि कुकरच्या शिट्ट्या वाढवल्याने डाळ लवकर शिजते का? (एक वाचक, पुणे)

थंडीचा वाटा थोडा, उंचीचा अधिक. महाबळेश्वर समुद्रसपाटीपासून सुमारे 1,350 मीटर उंचीवर आहे. जितके उंच जावे तितका हवेचा दाब कमी होतो आणि दर तीनशे मीटरला पाण्याचा उत्कलनबिंदू साधारण एका अंशाने उतरतो. त्यामुळे तेथे पाणी 95 ते 96 अंशांनाच उकळू लागते, आणि एकदा उकळू लागले की जाळ कितीही वाढवला तरी ते अधिक तापत नाही. केवळ लवकर आटते. डाळीच्या दृष्टीने चार-पाच अंशांची ही तूट लहान नाही. लेहमध्ये, सुमारे 3,500 मीटरवर, पाणी 88 अंशांच्या आसपास उकळते, म्हणून तेथे कुकरवाचून डाळीचे पान हलत नाही.

कुकर नेमकी उलट किमया करतो. कोंडलेल्या वाफेमुळे आतला दाब बाहेरच्या हवेपेक्षा सुमारे एका वातावरणाइतका वाढतो आणि पाणी 120 अंशांच्या जवळपास उकळते. या भांड्याचा पूर्वज फ्रेंच संशोधक डेनिस पापँ याने 1679 मध्ये लंडनमध्ये दाखवला. भांडे फुटू नये म्हणून जादा वाफ सोडून देणारी झडपही त्यानेच योजली. आपल्या कुकरचे शिट्टीचे वजन तेच काम करते: आतला दाब ठरलेल्या मर्यादेला पोहोचला की ते उचलले जाते. याचा अर्थ असा की पहिल्या शिट्टीलाच तापमान कमाल मर्यादेच्या जवळ पोहोचलेले असते. पुढील शिट्ट्या तापमान वाढवत नाहीत, त्या फक्त वेळ मोजतात, आणि तोही ढोबळपणे, कारण मोठ्या आचेवर त्या भराभर होतात व मंद आचेवर सावकाश. पहिल्या शिट्टीनंतर आच कमी करून घड्याळ लावणे हा गॅस वाचवणारा आणि अधिक खात्रीचा मार्ग आहे, जरी शिट्ट्या मोजण्याची सवय मोडणे मला स्वतःला अद्याप जमलेले नाही.

प्रश्न : पाण्यात मीठ घातले की ते जास्त तापमानाला उकळते आणि भाजी लवकर शिजते, हे खरे का? (एक वाचक, रत्नागिरी)

पहिला भाग खरा, परंतु एक लिटर पाण्यात दहा ग्रॅम मीठ घातले तर उत्कलनबिंदू पाव अंशानेही वाढत नाही. मीठ चवीसाठीच घालावे.

प्रश्न : माठही बाहेरून ओला असतो आणि फ्रीजमधून काढलेली बाटलीही. दोन्ही ठिकाणचे पाणी एकाच प्रकारे येते का? (एक वाचक, नाशिक)

दोन्ही पाणी अगदी विरुद्ध दिशांनी आलेले असते. बाटलीची काच किंवा प्लास्टिक झिरपत नाही; तिच्यावरील थेंब हवेतील बाष्पाचे असतात. हवा एका ठरावीक तापमानाखाली थंड झाली की तिला आपले सगळे बाष्प सांभाळता येत नाही. वर दिलेल्या ठाण्याच्या हवेसाठी हे तापमान सुमारे 27 अंश आहे, तर नागपूरच्या हवेसाठी सुमारे 14 अंश. म्हणून ठाण्यात बाटलीखाली तळे साचते आणि नागपुरात ती थोडीशीच ओलावते. हे पाणी बाटलीला थंड करत नाही, उलट बाष्पाचे पाणी होताना सोडलेली उष्णता बाटलीलाच मिळते आणि ती लवकर कोमट होते. माठावरील पाणी मात्र आतूनच आलेले असते. याचा पुरावा घरीच पाहता येतो: काही महिने वापरलेल्या माठावर बाहेरून क्षारांचा पांढरा थर दिसतो, बाटली रोज ओली होऊनही तिच्यावर तो कधी धरत नाही, कारण हवेतून आलेल्या पाण्यात क्षार नसतात.