गोव्यात बी.एस्सी. फिजिक्स केलंय. फेम्टोसेकंद लेसरमध्ये (अत्यंत कमी काळाचे प्रकाशाचे स्पंद देणाऱ्या लेसरमध्ये) संशोधक होता येईल का?

हो, नक्की होता येईल. ताळगावच्या गोवा विद्यापीठातून एम.एस्सी. करा आणि तिच्या शेवटच्या वर्षी पीएच.डी.च्या प्रवेश परीक्षा द्या: मुंबईच्या टीआयएफआर (टाटा मूलभूत संशोधन संस्था) या संस्थेची स्वतःची परीक्षा आहे, इंदूरच्या आरआरकॅट (राजा रामण्णा प्रगत तंत्रज्ञान केंद्र) या केंद्रासाठी जेस्ट ही अनेक संस्थांची सामायिक परीक्षा. दोन्हीकडे अतितीव्र लेसरच्या प्रयोगशाळा आहेत. मीही एम.एस्सी.नंतर असाच गेलो. पीएच.डी.चं काम किरकोळ समजू नका. भौतिकशास्त्रज्ञ डोना स्ट्रिकलंड यांनी पीएच.डी.च्या विद्यार्थिदशेतच १९८५ साली त्यांचे मार्गदर्शक जेरार मुरू यांच्यासोबत लेसर स्पंद ताणून, वर्धित करून पुन्हा आकुंचित करण्याची पद्धत मांडली, त्या पद्धतीसाठीच दोघांना २०१८चं नोबेल मिळालं. मात्र पीएच.डी. आणि पोस्टडॉक (पीएच.डी.नंतरचं तात्पुरतं संशोधनपद) धरून कायम नोकरीपर्यंत बहुतेकांची तिशी उलटते, घरच्यांना हे आधीच सांगून ठेवा.